सांगलीहून आलेला दात

माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. काडेपेटीतली काडी सहज जाईल एवढी. लहानपणी मी ती घालूनही बघायची आणि आईच्या हातचा रट्टा खायची. आबांचे, म्हणजे वडिलांचे दात एकाला एक लागलेले, आईचे मिश्रीनं काळे पडलेले पण तेही घट्ट शेजारी शेजारी बसलेले. "हिचं ह्ये कुटनं आलं म्हनावं?" असं आई आल्यागेल्या बाईला विचारायची. त्या बाया मग माझा ओठ वर करून फट बघायच्या आणि दर वेळी वेगळं कारण सांगून जायच्या. एकीनं तर मी पोटात असताना आईनं ग्रहणात विळा धरला होता का, अशी चौकशी केली होती.

त्या फटीतून मी शीळ घालायची. बोटं लावायची नाहीत. जिभेचं टोक दातांच्या मागं टेकवायचं, खालचा ओठ जरासा आत ओढायचा आणि पोटातून हवा सोडायची. कुणी शिकवलं नव्हतं. एकदा गरम माडग्यावर, म्हणजे हुलग्याच्या पातळ पेजेवर, फुंकर घालताना चुकून आवाज निघाला, मग त्या आवाजाचा मी पिच्छाच पुरवला. आबा दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायचे, ती जाड आणि आखूड. माझी बारीक, लांब, आणि माळाच्या पलीकडच्या उतारापर्यंत जाणारी. शिवाय माझे दोन्ही हात मोकळे. एका काखेत कोकरू, दुसऱ्या हातात काठी, आणि तोंडानं कळप वळवायचा. पुढं चालणारी एक पांढरी शेळी होती, चांदी. तिनं कान टवकारले की बाकीची मेंढरं आपसूक तिच्या मागं निघायची. एक लांब शीळ म्हणजे वळा, दोन आखूड म्हणजे घराकडं चला. एवढीच आमची भाषा होती, पण तिच्यात कधी गैरसमज झाला नाही. माणसांशी बोलताना मला ते कधीच इतकं जमलं नाही.

आईला ही शीळ अजिबात खपत नव्हती. आमची वस्ती वडूजपासून आत, माळाच्या कडेला. घरासमोरून मातीचा रस्ता जायचा आणि त्यावरून सायकलवाले, दूधवाले, बाजाराची माणसं जायची. मी शीळ घातली की आई आधी कळपाकडं नाही, रस्त्याकडं बघायची. "बास कर गं. बापयावानी शीळ घालतीया. आयकून कोन करून घील तुला?" पोरीनं शीळ घातली की लग्न मोडतं, असं आमच्यात समजतात. माझं तर अजून जमलंही नव्हतं, त्यामुळं मोडणार काय, हे मला कळायचं नाही. मी विचारलं की पुन्हा रट्टा.

थोरला भाऊ फौजेत गेला होता. आबांचे गुडघे चालून चालून कामातून गेले होते. त्यांच्या तरुणपणी कळप घेऊन मैलोगणती पायपीट व्हायची. आता आमची थोडी बाजरी, थोडी ज्वारी होती आणि मेंढरं आसपासच्या माळावरच चरायची. माझी दहावी झाली होती. पुढची शाळा वडूजला आणि मेंढरं माळावर, म्हणून मी आता दिवसभर माळावर. (राहिलेलं शिक्षण मी लग्नानंतर सांगलीत पुरं केलं, पण ते वेगळं रामायण आहे.) तात्या, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, शेजारीच राहायचे. कळप दोघा भावांचा होता आणि तात्यांना तो विकायचा होता. "आता कोन राखतंय मेंढरं? कोंबड्या पाळू," असं ते रोज म्हणायचे. आबा पुष्कळ दिवस नुसतं ऐकून घ्यायचे, शेवटी एकदा म्हणाले, "जवर पोरगी एकटी वळवतीया तवर ऱ्हाऊ दे. तिला जमंना झालं की दिवाळीनंतर इक." तात्यांनी मान डोलावली. असा तो करार झाला आणि तो माझ्या दातांतल्या फटीवर टिकून होता, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. मला मात्र माहीत होतं.

आता दाताचं. मेंढरांच्या कातरणीच्या दिवशी मी एडक्याला धरायला वाकले आणि त्यानं मुंडी वर उडवली. ओठ फुटला, डाव्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. आईनं हळद दाबली, आबांनी एडक्याला शिवी दिली, आणि दोन दिवसांत सगळे विसरले. दात मात्र विसरला नव्हता. काही महिन्यांनी तो काळपट दिसायला लागला. मला त्याचं भारी कुतूहल. नखानं शेजारच्या दातावर वाजवलं की टक असा आवाज यायचा, ह्याच्यावर वाजवलं की थप. मी सगळ्यांना तो ऐकवत फिरायचे. मग हिरडीवर मुगाएवढी पुळी आली. ती फुटायची, तोंडात खारट कडवट चव यायची, बरं वाटायचं, आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा यायची. लवंग झाली, बाभळीच्या सालीच्या गुळण्या झाल्या. एकदा आईनं आपली मिश्री चोळली. दुखायचं थांबलं खरं, पण मला इतकं गरगरलं की मी वाघरीच्या जाळीला धरून खाली बसले आणि आत कोंडलेली कोकरं माझ्याकडं बघत राहिली.

शेवटी एका सकाळी उठले तर डोळ्याखालपासून सगळं तोंड सुजलेलं. तात्या बघायला आले. "उपटून टाका. बाजारात बसतोय की त्यो दातवाला. आवं, मेंढराला वरचं फुडचं दात नसत्यातच. त्येंचं कुटं काय आडतंय?"

हे खरं होतं. मेंढराला वर पुढं दात नसतात, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक होतं. आबा खालचा ओठ दुमडून दात मोजायचे आणि दोन दाती, चार दाती म्हणत मेंढराचं वय सांगायचे. पण आई उसळली. "मेंढराला दाखवायला बसवायचं नसतंय पाटावर! फुडचा दात न्हाई म्हटल्यावर कोन यील?" पलूसकडचं एक स्थळ तिच्या कानावर आलं होतं. आबांनी माझ्याकडं बघितलं. "शीळ वाजंल का गं दात काडल्यावर?" त्यांनी हळूच विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी आम्ही कऱ्हाडच्या एसटीत बसलो.

कऱ्हाडच्या डॉक्टरीणबाई नव्या होत्या. एक वेणी, पांढरा कोट आणि सारखं काहीतरी गुणगुणायची सवय. त्यांच्या खुर्चीला पायानं दाबायची दांडी होती, दाबली की खुर्ची वर जायची. आई दाराशीच उभी राहून म्हणाली, "पडंल की पोरगी." बाईंनी दातावर वाजवलं, थप असा आवाज आला, आणि मला फार बरं वाटलं. मी तेच तर सांगत होते.

"नस मेलीय दाताची," त्या म्हणाल्या.

"मेली तर दुकतंय कसं?" मी विचारलं.

त्या गुणगुणायच्या थांबल्या. "चांगलं विचारलंस. दात नाही दुखत. दाताच्या आत जे मेलंय ते सडून मुळाच्या टोकातून बाहेर येतंय, ते तिथल्या हाडाला छळतंय." त्यांनी एक छोटी फिल्म तोंडात धरायला लावली, एक्स-रे काढला आणि अंधाऱ्या डब्यात हात घालून ती धुतली. ओला फोटो आबांनी खिडकीच्या उजेडात धरला. कितीतरी वेळ बघत होते. "आयला, मूळ केवडं हाय! वर दिसतंय त्येच्या परास आतच जास्ती हाय की." मुळाच्या टोकाशी हरभऱ्याएवढा काळा डाग होता. ती गाठ, असं बाई म्हणाल्या. आधी नळी साफ करायची, ती म्हणजे रूट कॅनाल. मग हिरडी उघडून गाठ काढायची, ते छोटं ऑपरेशन. मग दातावर टोपी.

परवा माझ्या सांगलीच्या डॉक्टरांकडं दाढेचं रूट कॅनाल झालं. एक्स-रे टीव्हीएवढ्या पडद्यावर लगेच उमटला आणि मशीननं नळी साफ झाली. मी मात्र त्या बारीक सुया शोधत होते, लाल, पिवळ्या, निळ्या मुठीच्या. कऱ्हाडच्या बाई त्या एकेक करून हातानं आत फिरवायच्या, पुसायच्या, पुन्हा फिरवायच्या. मी नस बघायला मागितली. त्यांनी कापसावर दाखवली. काळसर ओला धाग्याचा तुकडा आणि त्याला मेलेल्या उंदरासारखा वास. इतकुसा तो धागा, आणि त्यानं सगळं घर एसटीत बसवलं. बाई म्हणाल्या, नस बघायला मागणारी मी त्यांची पहिलीच पेशंट. मी दर खेपेला नवीन प्रश्न घेऊन जायचे आणि परतताना आबांना उत्तरं सांगायचे. एसटीतले लोकही वळून ऐकायचे.

ऑपरेशनचा दिवस ठरला तेव्हा बाईंनी बजावून सांगितलं, "सकाळी नीट जेवून ये." हे आईनंही ऐकलं होतं. पण आमच्या वस्तीवर ऑपरेशनं झालेली दोनच प्रकारची, बायकांचं कुटुंबनियोजनाचं आणि म्हाताऱ्यांचं हर्नियाचं. दोन्हींत आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही आणि नंतर चार दिवस दवाखान्यात मुक्काम. आईनं विचार केला आणि ठरवलं की बाईंचंच काहीतरी चुकलंय. "नवी हाय ती. तिला काय ठावं?" त्यामुळं मला आदल्या संध्याकाळपासून पाणीसुद्धा मिळालं नाही. सकाळी आम्ही निघालो ते लवाजम्यासकट. मी, आई, आबा, तात्या, तीन घोंगड्या, स्टोव्ह, तवा, पिठाचा डबा आणि शेजारणीनं दिलेला नारळ. कंडक्टरनं विचारलं, "जत्रंला का?"

दवाखान्यात खुर्चीवर बसले, बाईंनी सुई भरली, आणि ती टोचायच्या आधीच माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा बाई लाल झाल्या होत्या. "जेवून यायला सांगितलं होतं ना?"

"आवं बाई," आई म्हणाली, "जेवून कुटं आपरेशन आसतंय व्हय?"

"मी फक्त हिरडी बधिर करणार आहे. ही अर्ध्या-पाऊण तासात चालत घरी जाणार आहे." मग त्यांची नजर दारातल्या घोंगड्यांवर, स्टोव्हवर आणि नारळावर गेली. राग आवरायला त्यांना वेळ लागला, पण हसू अजिबात आवरलं नाही. मागच्या व्हरांड्यात आईनं स्टोव्ह पेटवला, भाकरी थापली, पिठलं केलं. लसणाच्या फोडणीचा वास पुढं बसलेल्या पेशंटांपर्यंत गेला. सुजल्या गालाचे एक आजोबा उठून बघायला आले. मी जेवले, तात्या जेवले, आणि बाईंनीही उभ्या उभ्या चतकोर भाकरी खाल्ली. मग ऑपरेशन झालं.

दुखलं नाही. आवाज मात्र सगळे ऐकू आले, आणि ते कानांतून नव्हे तर डोक्याच्या आतून. हाडावरून काहीतरी खरवडल्याचा आवाज पाटीवरच्या पेन्सिलीसारखा होता. आरसा मागायला मला तोंडच नव्हतं. टाके काळ्या दोऱ्याचे घातले. निघताना बाईंनी सूचना दिल्या. बर्फानं शेका, उद्यापासून मिठाच्या पाण्यानं हलकेच चूळ भरा, ब्रश तिकडं नेऊ नका, गरम आणि तिखट नको, ओठ वर करून सारखं बघू नका. आणि तोंडानं हवेचा जोर लावायचा नाही. फुंकर नाही, फुगा नाही. "शीळ?" मी तोंडातल्या कापसाच्या बोळ्याआडून विचारलं. "शीळ तर मुळीच नाही. मी सांगेपर्यंत."

बर्फ आणायचा कुठून? आमच्याकडं फ्रीज नव्हता. आबांनी कऱ्हाडच्या स्टँडवरच्या सरबतवाल्याकडून बर्फाचा मोठा खडा घेतला आणि घोंगडीत गुंडाळला. मी हातानं खुणा करून म्हटलं, घोंगडी तर ऊब देते, बर्फ वितळेल की. आबा म्हणाले, "घोंगडी ऊब देत न्हाई. जे आत आसंल त्ये भायेर जाऊ देत न्हाई. तू हायेस तर ऊब, बर्फ हाय तर गारवा." घरी पोचलो तेव्हा घोंगडीच्या पोटात बर्फ शाबूत होता. मी गालाला बर्फ लावून कितीतरी वेळ ह्याच गोष्टीचा विचार करत होते, दुखणं राहिलं बाजूला.

मग ते गार, मऊ खाण्याचे दिवस आले. हुलग्याचं माडगं निववून निववून, ज्वारीच्या कण्या ताकात कालवून, मुगाचं पातळ वरण. आई ताटलीत कण्या पसरून पदरानं वारा घालायची, कारण मला फुंकर घालायला बंदी. दुसऱ्या दिवशी सूज वाढली, गाल निळसर झाला आणि आई घाबरली. पण बाईंनी सांगूनच ठेवलं होतं की सूज आधी वाढेल, मग उतरेल. तशी ती उतरली. कळप आबांनी आणि आईनं सांभाळला. आबा बांधावर बसून बोटांनी शीळ घालायचे, ती वाऱ्यावर अर्ध्यातच विरायची, आणि मग आईच पळायची. मी ओट्यावर बसून बघायचे. वस्ती गप्प गप्प झाली होती. संध्याकाळी आई चुलीपुढं बसून मध्येच उठायची, दारात येऊन माळाकडं बघायची आणि परत जायची. मी तर समोरच बसलेली. ती काय बघते, हे मला कळत नव्हतं.

टाके निघाले, हिरडी भरून आली. बाईंनी दात चहूबाजूंनी घासून टोपीसाठी बारीक केला आणि टोपीचं माप घ्यायला गुलाबी लगदा भरलेला साचा माझ्या तोंडात दाबला. तो घट्ट होईपर्यंत बोलता येत नाही. नेमकं तेव्हाच बाईंनी आईला विचारलं, "सांगलीच्या लॅबमध्ये टोपी बनेल. जरा रुंद करायला सांगितली तर ही फटही भरून जाईल. करू का?"

आईचा चेहरा उजळला. "करा की बाई! करून टाका!"

मी दोन्ही हात हलवले. पाय आपटले. नाकातून जेवढा आवाज निघेल तेवढा काढला.

"दुकत आसंल तिला," आई म्हणाली.

साचा निघाल्यावर मी बोलू शकले असते. पण आई इतकी खूश होती की स्वतःच्या पदरानं माझी लाळ पुसत होती, गालावरून हात फिरवत होती. तिनं माझ्या तोंडावरून असा हात फिरवल्याचं मला आठवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं, फट नसलेली मी कशी दिसते ते.

सांगलीहून दात आला. बाईंनी तो कच्च्या सिमेंटनं बसवला. "आठ दिवस वापरून बघ, मग पक्का करू." आरशात बघितलं तर समोर दुसरीच कुणीतरी मुलगी. दात कसे सरळ, पांढरे, एका ओळीत. मी हसले, ती हसली. मला ती आवडली, हे कशाला लपवू? परतीच्या एसटीत मी खिडकीच्या काचेत तिलाच बघत होते. वस्तीवर बाया जमल्या, पुन्हा ओठ वर करून बघणं झालं, आणि ह्या वेळी कुणी ग्रहणाचं नाव काढलं नाही. त्याच आठवड्यात पलूसची मंडळी बघायला आली. मी पोहे दिले, पाटावर बसले, हसायला सांगितलं तशी हसले. मुलाची आई म्हणाली, "दात कसं मोत्यावानी हायती." आईनं रस्त्याकडं बघितलं नाही, आभाळाकडं बघितलं.

मंडळी गेली तशी मी कळप घेऊन माळावर गेले. आता बाईंनी शीळ घालायला परवानगी दिली होती. सुगी जवळ आली होती, उताराखाली दुसऱ्याची ज्वारी उभी होती. चांदी त्या दिशेनं सरकायला लागली. मी जीभ टेकवली, ओठ ओढला, हवा सोडली.

फूस.

पुन्हा. फूस. हवा नव्या दातावर आपटून दोन्हीकडं पसरत होती. मी जीभ वर घेतली, खाली घेतली, ओठ चावला. बोटं घालून बघितली, तर नुसती थुंकी उडाली. चांदीनं एकदा मान वर केली. माझ्याकडं बघितलं. मग ती वळली आणि ज्वारीत शिरली, आणि तिच्या मागून सगळा कळप. मी ओरडत धावले. घरून आई धावत आली, अनवाणी, पदर खोचून. एकीकडनं हाकलावं तर दुसरीकडनं आत. बोरीच्या काट्यांत आईचं लुगडं फाटलं, तिचा घसा बसला. अंधार पडता पडता कशीबशी मेंढरं बाहेर काढली तेव्हा बांधावर तात्या उभे होते. "दिवाळी आली म्हना की," एवढंच म्हणाले आणि गेले. आबा वाघरीचं दार लावत होते. त्यांनी मेंढरं दोनदा मोजली, आणि मला इतकं रडू आलं की मी चांदीच्या मानेत तोंड खुपसून रडले. मोत्यावानी दात तिच्या केसांत रुतत होते.

आईनं त्या रात्री भाकरी करपवली. तिच्या हातून भाकरी करपलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. सकाळी ती म्हणाली, "चल कऱ्हाडला." का, हे सांगितलं नाही. कळप तात्यांकडं सोपवून आबाही आमच्याबरोबर निघाले. दात पक्का बसवून घ्यायला निघालीय, असंच मला वाटलं. तिकिटाच्या वेळीसुद्धा ती माझ्याकडं बघत नव्हती. मी मनात म्हटलं, झालं, शीळ गेली, मेंढरं गेली, आता मी जाणार.

खुर्चीवर बसल्यावर बाईंनी विचारलं, "काय, आवडला का दात?" आई दाराशी उभी असायची, ती पहिल्यांदाच आत आली आणि खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"बाई, ती फट हुती तशी करून द्या."

बाईंना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. "अहो, इतका छान दिसतोय."

"दिसतोय. लय छान दिसतोय. मलाबी दिसतंय की." आईचा आवाज अजून बसलेलाच होता. "पर बाई, ही माळावर आसती. एकटी. मी घरात. सांजच्याला हिची शीळ आली की मी तवा टाकायची. शीळ जवळ आली की भाकरी थापायची. न्हाई आली तर दारात यून हुबी ऱ्हायची. इतकी वर्सं आसंच चाललंय. हिला म्हनायची शीळ घालू नगंस, आन् आपुन कान लावून बसायची." ती थांबली. पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला. "आता काय आयकू येत न्हाई. ही समुर बसल्याली आसती तरी मला वाटतं, पोरगी कुटं ऱ्हायली."

मी आईकडं बघत राहिले. ओट्यावरून मला न कळलेली ती दारातली येरझार मला आता कळली.

बाईंनी छोटा आरसा माझ्या दातामागं धरून बघितला. मग गुणगुणायला लागल्या, म्हणजे त्यांचं ठरलं. "शीळ कशी वाजते ते मला माहीत नाही. म्हणजे तूच सांगायचं." त्यांनी कच्च्या सिमेंटवरची टोपी काढली, कडेनं जराशी घासली, परत बसवली. "वाजव."

फूस.

पुन्हा काढली, घासली, बसवली. ह्या वेळी एक बारीक किरकिर निघाली. आम्ही दोघी टोपीत तोंड खुपसल्यागत बघत होतो. वरची कड गोल हवी की सरळ, आतली बाजू जाड की पातळ, काहीच कुठल्या पुस्तकात नव्हतं. बाहेर पेशंट खोळंबले होते. आबा दाराच्या फटीतून विचारत होते, "शीळ निगाली का?" घासता घासता एकदा बाई म्हणाल्या, "आता थोडंच उरलंय, ह्यापुढं टोपीला भोक पडेल." त्यांनी हलकेच दोनदा फिरवलं, टोपी धुतली, बसवली.

मी जीभ टेकवली आणि पोटातून हवा सोडली.

दवाखान्याच्या फरशीवरून, भिंतींवरून ती शीळ परत माझ्याच कानांवर आदळली. बाहेर कुणाच्या तरी हातून काहीतरी पडलं. बाईंनी कानांवर हात ठेवले आणि त्या हसत सुटल्या. आबा दार ढकलून आत आले. तिथंच, त्याच दिवशी, बाईंनी दात पक्का करून टाकला.

पलूसकडून पुढं निरोप आला की त्यांचं दुसरीकडं जमलं. फटीचं त्यांना कुणी कळवलं, काय कळवलं, आईनं विचारलं नाही. तो दात अजून माझ्या तोंडात आहे. सांगलीचे डॉक्टर परवा म्हणाले, "मॅडम, टोपी फार जुनी झालीय. नवी करताना ही फट बुजवून टाकू." मी त्यांना म्हटलं, आधी जरा कान झाका.

पण मला सांगायचंय ते दात पक्का झाला त्या संध्याकाळचं. एसटीतून उतरून आई आणि मी घरी न जाता तशाच माळावर गेलो. तात्या कळप राखत होते, म्हणजे बांधावर बसून कळपाला नावं ठेवत होते. मेंढरं पार खालच्या उतारावर पांगली होती. मी आईकडं बघितलं, तिनं काही खूण केली नाही. मी एक लांब शीळ घातली. खाली पांढरा ठिपका थांबला. कान दिसत नव्हते, पण मला माहीत होतं ते कुठं असतील. मग तो ठिपका वळला, आणि उतारावरची सगळी मेंढरं एकापाठोपाठ एक वळली आणि आमच्याकडं चढायला लागली. तात्या उठून उभे राहिले, धोतर झटकलं आणि कोंबड्यांचं काही न बोलता घराकडं चालू लागले.

रस्त्यावर बाजाराहून येणारी दोन-तीन माणसं सायकली थांबवून आमच्याकडं बघत होती. आईनं त्यांच्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. आता म्हणणार, बास कर गं, म्हणून मी खाली मान घातली.

"आनी एकदा घाल," ती म्हणाली. "मी फुडं जाऊन तवा टाकते."